ठरावात दवाखानाही होता



"ताई, हा डॉक्टरांचा विषय आहे, चळवळीचा नाही." मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर, त्यात पोखरली जाणारी हाडं आणि ती दाखवणारी पेट-सीटी तपासणी, यावर आपल्या तालुक्यांत शिबिरं घ्यावीत असं मी सुचवलं की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. म्हणणारे आपलेच असतात. आरक्षण, शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटी, स्मारक, जयंती हे चळवळीचे विषय आणि हाड, रक्त, किडनी, स्कॅन हे डॉक्टरांचे, अशी ही वाटणी आहे. तिला माझा विरोध आहे, आणि त्या विरोधाला इतिहासाचा आधार आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपण पोरांना शिकवतो की या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायला सांगितलं, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा निर्णय घेतला, तो कागदावरच राहिला, आणि म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सगळं खरं आहे. पण त्या ठरावाची यादी पाणवठ्यावर थांबत नाही. तिच्यात धर्मशाळा आहेत, शाळा आहेत, न्यायालयं आणि कचेऱ्या आहेत, आणि शेवटी सार्वजनिक दवाखाने आहेत. पाण्यासाठी आपण सत्याग्रह केला. शाळेसाठी पिढ्या झिजल्या. कचेऱ्यांत शिरण्यासाठी राखीव जागा लढून घेतल्या. दवाखान्याचं कलम मात्र आपल्या हातून मागे पडलं. केसपेपर मिळतो, रांगेत कोणी जात विचारत नाही, म्हणजे दवाखाना मिळाला असं आपण धरून चाललो.

रत्नागिरीकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. १९३१ मध्ये इथे पतितपावन मंदिराचं दार उघडलं आणि प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांचं हे शहर. दार उघडं असणं आणि आतल्या गोष्टीवर आपला हक्क असणं यातला फरक बाबासाहेबांनी आपल्याला शिकवला. तोच फरक मला स्कॅनच्या यंत्रासमोर रोज दिसतो.

आता रोगाबद्दल थोडं नीट समजून घेऊ, कारण समजल्याशिवाय भांडता येत नाही. आपल्या हाडांच्या आत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. मज्जेत प्लाझ्मा नावाच्या पेशी असतात, त्या रोगप्रतिकारक प्रथिनं बनवतात. या पेशी बेसुमार वाढू लागल्या की मायलोमा होतो. हाड ही काही मेलेली वस्तू नाही. त्यात जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं हाड बांधणाऱ्या पेशी सतत काम करत असतात. मायलोमा खाणाऱ्यांना चेतवतो आणि बांधणाऱ्यांना गप्प करतो. परिणामी मणक्यात, बरगड्यांत, कमरेच्या हाडात, कवटीत भोकं पडतात. हंडा उचलताना, खोकताना मणका दबतो. रक्तातलं कॅल्शियम वाढतं, किडनीवर ताण येतो, हिमोग्लोबिन उतरतं. पाश्चात्त्य देशांत हा साठी-सत्तरीचा रोग आहे. आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे हातपाय चालत असण्याच्या वयात गाठतो.

लक्षणं पुन्हा वाचा. पाठदुखी, कंबरदुखी, थकवा, रक्त कमी. बौद्धवाडीतल्या पन्नाशीच्या कुठल्याही बाईला विचारा, यातलं तिला काय होत नाही? गोम इथेच आहे. मायलोमाची लक्षणं आणि गरिबीची लक्षणं एकच आहेत. एका गावातल्या मावशी आंब्याच्या बागेत मजुरीला जायच्या. पाठ धरली तेव्हा मी म्हटलं, तपासून घेऊया. त्या म्हणाल्या, "बाय, कष्टाची पाठ हाय ती, दुखायचीच." त्यांच्या डॉक्टरांचंही हेच मत होतं. एका खाजगी दवाखान्यात त्यांना महिनोन्‌महिने दुखण्याची सुई आणि रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. एक्स-रे काढला, त्यावर वयोमानानुसार झीज असं लिहून आलं. पुढे मणका दबला तेव्हा मणक्याचा टीबी असेल म्हणून आणखी काही आठवडे गेले. मायलोमा हा शब्द घरच्यांच्या कानावर पडला तोवर किडनी अर्ध्यावर आली होती. हे मुद्दाम सांगते, कारण दुखण्याच्या त्या सुया आणि गोळ्याच मायलोमाच्या पेशंटच्या किडनीला घातक असतात. त्या टाळायच्या असतात. म्हणजे चुकीच्या निदानाने नुसता वेळ गेला नाही, शरीरही गेलं.

समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षाला टाल्कॉट पार्सन्सची 'रुग्णाची भूमिका' शिकवतात. आजारी माणसाला समाज कामातून सूट देतो आणि त्या बदल्यात त्याने बरं होण्याचा प्रयत्न करायचा असतो. ती थिअरी वाचताना माझ्या मनात यायचं की पार्सन्सने चिरेखाणीवरची बाई पाहिली नसणार. तिला कामातून सूट नाही, म्हणून ती रुग्णच होत नाही. तिचं दुखणं हा तिच्या जातीचा आणि कामाचा गुणधर्म मानला जातो. वरच्या थरातल्या बाईची पाठ दुखली की एमआरआय निघतो, आमच्या मावशीची दुखली की ती कष्टाची पाठ ठरते. श्रेणीबद्ध विषमता नुसती पंगतीत आणि पाणवठ्यावर नसते, ती निदानातही असते.

आणि आता यंत्राकडे. साध्या एक्स-रेत भोक दिसायला त्या जागेच्या हाडाचा सुमारे एक तृतीयांश ते निम्मा खनिजभाग आधी नाहीसा व्हावा लागतो. म्हणजे एक्स-रे उशिराचा साक्षीदार आहे. दुसरी तपासणी बोन स्कॅनची. त्यात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य एका औषधाला जोडून शिरेतून देतात आणि जिथे नवं हाड बांधलं जातंय तिथे ते गोळा होतं. इतर अनेक कॅन्सर हाडात पसरले की हाड स्वतःची डागडुजी करू लागतं, म्हणून बोन स्कॅनवर ती जागा उजळते. मायलोमात मात्र बांधणाऱ्या पेशीच बंद पडलेल्या असतात. बांधकामाच्या जागीच दिवा लागणार असेल तर जिथे फक्त पाडकाम चाललंय तिथे अंधारच राहणार. मायलोमाच्या पेशंटचा बोन स्कॅन स्वच्छ आला म्हणून हाडं चांगली आहेत असं समजणं ही मोठी फसगत आहे.

पेट-सीटी वेगळं आहे. त्यात फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात, तासभर शांत पडून राहायला लावतात आणि मग डोक्यापासून पायापर्यंत चित्र घेतात. कॅन्सरच्या भुकेल्या पेशी ती साखर ओढून घेतात आणि उजळतात. शेजारी सीटीचं चित्र असतं, त्यात भोक दिसतं. रोग आज जागा आहे का, हाडाबाहेर पसरला का, औषध लागू पडलं का, हे एकाच तपासणीत कळतं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाने रोगाची व्याख्याच बदलली. सीटी किंवा पेट-सीटीच्या सीटीत पाच मिलीमीटरचं एक भोक दिसलं तरी, दुखत नसलं तरी, मज्जेतल्या पुराव्यासह तो उपचार सुरू करण्याजोगा मायलोमा धरला जातो. याचा सामाजिक अर्थ काय? बघण्याचं साधन ज्याच्या आवाक्यात आहे त्याचा रोग हाड मोडण्याआधी नोंदला जाईल. ज्याच्या आवाक्यात नाही त्याला हाड मोडून पुरावा द्यावा लागेल.

पेट-सीटी म्हणजे काही देवाचा कौल नव्हे, हेही सांगून ठेवते. साधारण दहातल्या एका मायलोमात पेशी ती साखर फारशी उचलतच नाहीत आणि स्कॅन फसवा स्वच्छ येतो. टीबीची किंवा दुसरी सूज असली तर तीही उजळते. रक्तातली साखर वाढलेली असेल तर चित्र बिघडतं. म्हणूनच आपले पेशंट रात्रभर एसटीने प्रवास करून उपाशीपोटी सेंटरवर पोहोचतात आणि साखर जास्त आली की दुसऱ्या तारखेवर परत पाठवले जातात. ही सूचना आधी मराठीत, फोनवर, नीट समजावून कोणी देत नाही. परतीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुठल्याच अहवालात येत नाही.

बरं, हे तंत्रज्ञान परदेशातून उसनं आणलेलं आहे आणि गरीब देशाला परवडत नाही, असं म्हणावं तर तेही खोटं. परळला १९६३ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिली पेट तपासणी २००२ मध्ये तिथेच सुरू झाली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ चं, आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. दवाखान्यांना किरणोत्सारी द्रव्यं पुरवणारी ब्रिट ही संस्था नवी मुंबईत, त्याच विभागाची.

आणि त्याच अणुऊर्जा विभागाचं महामंडळ आमच्या राजापूर तालुक्यात आलं. जैतापूर प्रकल्प, माडबनची जमीन, सहा अणुभट्ट्या, ९,९०० मेगावॅट. त्या वादात लोक रस्त्यावर उतरले, १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण गेला. अणुवीज हवी की नको हा वाद मी इथे उकरत नाही. मला एवढंच विचारायचंय की एकाच विभागाचे दोन हात असताना रत्नागिरीकडे जमीन मागणाराच हात का येतो? अणूचा धोका आमच्या दारात आणायला ९,९०० मेगावॅटचा नकाशा तयार होतो, आणि अणूचा उपयोग घ्यायला आमच्या पेशंटने परळच्या फुटपाथवर झोपायचं? बोले ठरावाच्या यादीत धर्मशाळा आणि दवाखाना दोन्ही होते. परळला जाणाऱ्या माणसाला दोन्ही लागतात आणि दोन्हींची वानवा असते.

जैतापूरच्या वातावरणामुळे आपल्या भागात आणखी एक अडचण झाली आहे. 'अणूचं इंजेक्शन' म्हटलं की लोक घाबरतात. घाबरू नका. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आहे. दर ११० मिनिटांनी ते निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी शरीरात नावालाही उरत नाही. त्या दिवशी गरोदर बाईपासून आणि लहान मुलांपासून थोडं अंतर ठेवायचं, भरपूर पाणी प्यायचं, एवढीच काळजी. किरणांचा डोस असतो, म्हणून विनाकारण स्कॅन करू नये, पण मायलोमाची शंका हे विनाकारण नाही.

याच ११० मिनिटांमुळे मी एका लोकप्रिय मागणीच्या विरोधात आहे. 'रत्नागिरीत पेट-सीटी झालंच पाहिजे' अशी घोषणा निवडणुकीच्या वेळी टाळ्या घेईल. मुंबईहून रस्त्याने ते द्रव्य इथे यायला सात-आठ तास लागले तर पोहोचेपर्यंत त्याची ताकद विसाव्या हिश्श्यावर आलेली असेल. त्यासाठी जवळ सायक्लोट्रॉन हवं किंवा विमानाची सोय हवी, शिवाय प्रशिक्षित डॉक्टर आणि तंत्रज्ञ हवेत. नाहीतर कोट्यवधींचं यंत्र फीत कापून झाकून ठेवलं जाईल, अशी झाकलेली यंत्रं आपण कमी पाहिली नाहीत. गंमत बघा, टेक्नेशियम मात्र इथे सहज येऊ शकतं. ते ज्याच्यापासून निघतं त्या मॉलिब्डेनम-९९ चा अर्धायुकाल ६६ तासांचा आहे, त्याचा जनरेटर रेल्वेने किंवा ट्रकने आणून रोज त्यातून टेक्नेशियम काढता येतं. तंत्रज्ञ त्याला दुभती गाय म्हणतात. पण ती गाय मायलोमाला आंधळी! जे स्वस्तात येऊ शकतं ते हा रोग बघत नाही, जे बघतं ते वाटेतच विझतं.

मग हात टेकायचे का? नाही. कमी डोसचा संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅन मायलोमाची भोकं एक्स-रेपेक्षा कितीतरी चांगली दाखवतो, आणि सुरुवातीच्या तपासणीसाठी त्याला जगभर मान्यता आहे. त्याला किरणोत्सारी द्रव्य लागत नाही, सायक्लोट्रॉन लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. सीटीचं यंत्र आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं. लागतो तो ठरलेला प्रोटोकॉल आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट. त्याच्याही आधी रक्ताच्या तपासण्या आहेत. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिनं, आणि शंका आली तर प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाची पाठदुखी थांबत नाही, रक्त कमी आहे आणि क्रिएटिनिन वाढलंय, या तीन गोष्टी एका केसपेपरवर आल्या तर मायलोमा हा शब्द डॉक्टरच्या मनात आलाच पाहिजे. त्यानंतर ज्यांना पेट-सीटी खरंच लागेल त्यांना कोल्हापूर किंवा मुंबईला पाठवा, पण भाडं, सोबतच्या माणसाचं राहणं आणि तारीख हे सगळं सरकारी कागदावर ठरवून पाठवा.

"आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणा, मग पेट-सीटीचं बोला," असं सांगणारे काही पुरोगामीही भेटतात. या 'आधी'चा मला जुना अनुभव आहे. आधी साक्षर व्हा मग मताचा अधिकार मागा, आधी स्वच्छ राहा मग देवळात या. आमच्यासाठी प्रत्येक हक्काच्या पुढे एक 'आधी' ठेवलेला असतो. आरोग्य केंद्रात डॉक्टर हवाच, आणि त्याने लिहिलेली चिठ्ठी परळच्या यंत्रापर्यंत पोहोचायलाही हवी. तुटलेली साखळी एका टोकाला जोडून चालत नाही.

योजना आहेत ना, असं दुसरे म्हणतात. महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे आणि तिचा उपयोग होतो, मी स्वतः अनेकांचे कागद केले आहेत. पण ती पॅकेजवर चालते. रोगाचं नाव ठरलं, उपचार मंजूर झाले, की मग ती धावते. नाव ठरेपर्यंतची वाट पेशंट स्वतःच्या खिशातून चालतो, आणि खाजगीत एक पेट-सीटी दहा हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातं. बायबाप विकून निदान करायचं आणि मग मोफत उपचार घ्यायचे! मायलोमाची बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड ही औषधं आज भारतीय कंपन्या जेनेरिक बनवतात. औषध आवाक्यात येत चाललंय आणि निदान आवाक्याबाहेर आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात प्रा. अडारकरांचा कामगारांच्या आरोग्य विम्यावरचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कारखान्यातला कामगार आजारी पडला तर तो दयेवर राहू नये, हा त्यामागचा विचार. आंब्याच्या बागेतला फवारणीवाला, चिरेखाणीतला मजूर, मासळी सोलणारी बाई आजही त्या छत्राबाहेर आहे. आणि फवारणीचा उल्लेख उगाच करत नाही. शेतीतली कीटकनाशकं आणि मायलोमा यांचा संबंध दाखवणारे अभ्यास जगात झाले आहेत. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंजमुळे आपल्या माजी सैनिकांना होणाऱ्या रोगांची जी सरकारी यादी आहे, तिच्यात मल्टिपल मायलोमा आहे. सैनिकाला भरपाई मिळते. आमच्या फवारणीवाल्याला मास्कही मिळत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या काळ्या समाजाकडे बघा. त्यांच्यात मायलोमाचं प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आहे आणि चांगले उपचार त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचतात. आपण १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी केली, नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. नाव घेतलं, बाणा घेतला, कविता आली. पण त्याच ब्लॅक पँथरने गावोगावी मोफत दवाखाने काढले होते आणि १९७१ मध्ये सिकलसेल या रक्तरोगाची तपासणी मोहीम राजकीय प्रश्न म्हणून चालवली होती, ते आपण घेतलं नाही. काळ्यांचा रोग म्हणून दुर्लक्षित राहिलेला आजार त्यांनी सरकारच्या टेबलावर नेऊन आपटला. विदर्भातल्या आपल्या बौद्ध आणि आदिवासी घरांत तोच सिकलसेल आहे. तिथल्या कार्यकर्त्यांना मी काय बोलतेय ते लगेच कळेल. रोग्याची सेवा हा तर आपल्या धम्माचाच भाग आहे. संघाने टाकून दिलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाबरोबर स्वतः आंघोळ घातली होती.

तेव्हा या महिन्यात दोन कामं करूया. वाडीवर बैठक घेताना पाठदुखी, रक्त कमी आणि किडनीची तक्रार एकत्र असलेल्यांची नावं वहीत उतरवा, दुखण्याची सुई थांबवून रक्ततपासणीला न्या, बोन स्कॅन स्वच्छ आला म्हणून गप्प बसू नका. दुसरं, माहिती अधिकाराचे अर्ज. जिल्हा रुग्णालयाला विचारायचं की मागच्या तीन वर्षांत किती पेशंटचं प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस झालं, ते कुठे झालं आणि पैसे कोणी भरले. कमी डोसचा संपूर्ण शरीराचा सीटी इथे होतो का, होत नसेल तर कारण लेखी द्या. पेट-सीटीसाठी जिल्ह्याबाहेर किती जणांना पाठवलं आणि त्यातल्या किती जणांना प्रवासखर्च दिला. उत्तरं आली की तीच घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत बसायचं. मंडणगड, दापोली आणि खेडच्या शाखांनी सुरुवात करावी, कारण तिथून रत्नागिरी लांब आणि मुंबई त्याहून लांब पडते.